उतारवयाचे घर : डोंगरात की डेव्हनवर?



गेल्या शतकाच्या अखेरीस अभियंता, डॉक्टर, संशोधक म्हणून अमेरिकेत आलेली आपली पहिली पिढी आता निवृत्त होत आहे. भीमजयंतीच्या कार्यक्रमानंतर जेवणाच्या वेळी पूर्वी मुलांच्या शाळांची चर्चा होई. आता उतारवयात राहायचे कोठे, हा प्रश्न निघतो. त्या पिढीची मुले या नात्याने आम्हांला या प्रश्नाचा विचार करणे भाग आहे.

काहींना ईशान्येकडील डोंगराळ राज्ये खुणावतात. व्हरमाँटमधील शेलबर्नचे ‘वेक रॉबिन’ किंवा न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हरचे ‘केंडल’ ही आजीवन काळजी घेणारी संकुले आहेत. सुरुवातीला स्वतंत्र सदनिका, पुढे दैनंदिन कामांत मदत आणि अखेरीस शुश्रूषा, असे सारे एकाच आवारात मिळते. शरद ऋतूत तेथील मेपलची वने पाहावीत अशीच असतात. मात्र अशा संकुलांत मोठे प्रवेशशुल्क आणि त्याशिवाय मासिक शुल्क असते. शुश्रूषेची गरज वाढल्यावर मासिक शुल्क वाढणार की नाही, आणि मृत्यूनंतर प्रवेशशुल्काचा किती भाग वारसांना परत मिळणार, हे करारागणिक बदलते. ही दोन कलमे वकिलाकडून तपासून घेतल्याखेरीज सही करू नये.

‘मेडिकेअर आहे की’, हा आपल्यातील सर्वांत महागडा गैरसमज आहे. रुग्णालयात किमान तीन दिवस दाखल राहिल्यानंतर गरज असल्यास मेडिकेअर शुश्रूषागृहाचा खर्च जास्तीत जास्त 100 दिवस उचलते, तोही पहिल्या 20 दिवसांनंतर अंशतःच. अंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे या दीर्घकालीन सेवेचा खर्च ते उचलत नाही. ज्यांनी येथे सुमारे दहा वर्षे काम करून कर भरला, त्यांना वयाच्या 65 व्या वर्षी रुग्णालयीन विमा विनाहप्ता मिळतो. मुलांच्या ग्रीन कार्डावर उतारवयात आलेल्या आईवडिलांना मात्र सामान्यतः पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर, हप्ता भरूनच तो घेता येतो.

आता शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूकडे पाहू. 1974 मध्ये पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान याच रस्त्यावर सुरू झाले. रस्त्याच्या एका भागाला गांधींचे, दुसऱ्याला जिनांचे, तर आणखी एका भागाला गोल्डा मेयर यांचे मानद नाव आहे. येथे निसर्गसौंदर्य नाही, जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही, आणि हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ वृद्धांचा शत्रूच ठरतो. परंतु ज्वारीचे पीठ, मेथी आणि सुकट चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. 155 क्रमांकाची बस लोयोला स्थानकापर्यंत जाते. गाडी चालवणे बंद झालेल्या माणसाचे स्वातंत्र्य या बसवर टिकते. जवळच वेस्टर्न ॲव्हेन्यूवर 2019 मध्ये नॉर्थटाऊन ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यात ज्येष्ठांसाठी परवडणाऱ्या 44 सदनिका आहेत. इलिनॉय राज्याच्या ‘कम्युनिटी केअर प्रोग्रॅम’मधून साठ वर्षांवरील पात्र व्यक्तींना घरी मदतनीस आणि दिवसा ज्येष्ठांच्या केंद्रात सोय मिळू शकते. त्यासाठी गरज आणि मालमत्ता तपासली जाते.

तरीही आपल्या माणसांचा खरा प्रश्न डोंगर की बाजार हा नाही. शेजार कोणाचा, हा आहे. फ्लोरिडातील टॅव्हेरस येथील ‘शांतिनिकेतन’प्रमाणे भारतीयांसाठी निवृत्तिसंकुले आता अमेरिकेत उभी आहेत. मातृभाषा कानावर पडणे ही उतारवयात मोठी गोष्ट असते. पण जेथे भारतीय येतात, तेथे आडनावही विचारले जाते. 1917 साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले होते. आज कोणी काठी घेऊन येणार नाही. जेवणाच्या टेबलावरची खुर्ची तेवढी रिकामी राहील. ऐंशीव्या वर्षी ती सोसण्याचे बळ सर्वांकडे नसते.

कायद्याचा आधारही अपुरा आहे. 1968 च्या संघीय गृहनिर्माण कायद्यात वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ असे शब्द आहेत. जात हा शब्द नाही. सिएटलने फेब्रुवारी 2023 मध्ये घरांसह अनेक क्षेत्रांत जातिभेदाला बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. म्हणून सदनिका पाहायला जाल तेव्हा विचारा : सामायिक भोजनगृहात मांसाहार चालतो काय? सभागृहात बुद्धवंदना घेता येईल काय? 14 एप्रिलला बाबासाहेबांची प्रतिमा मांडता येईल काय? तक्रार झाल्यास ऐकणारे कोण? उत्तर देताना समोरचा माणूस किती अडखळतो, तेही ऐका.

याच शिकागोत एक धडा आपल्यासमोर आहे. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन लोक सुटकेनंतर येथे आले. 1944 मध्ये त्यांनी बौद्ध मंदिरे स्थापन केली, त्यानंतर परस्परसाहाय्याची समिती उभारली आणि पुढे अपटाऊनमध्ये ‘हेइवा टेरेस’ ही ज्येष्ठांची इमारत सरकारी साहाय्याने बांधली. हेइवा म्हणजे शांती. तेथे इतर समाजांचे वृद्धही राहतात. ज्यांना शेजार नाकारला गेला, त्यांनी सर्वांना खुला असलेला शेजार घडवला.

इमारत बांधण्याएवढे आपण आज संख्येने नाही. परंतु चार-पाच कुटुंबांनी ठरवून एकाच परिसरात, शक्य तर एकाच इमारतीत घरे घेणे आजही शक्य आहे. परवडणाऱ्या सदनिकांच्या प्रतीक्षायाद्या लांब असतात, म्हणून साठीतच चौकशी सुरू करावी. एकमेकांकडे घराची किल्ली असावी, रविवारी वंदना असावी, आणि रुग्णालयात कोण धावून येणार हे आधीच लिहून ठेवलेले असावे. डोंगर पाहायला शरद ऋतूत सहल काढता येते. रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल असा शेजारी सहलीत मिळत नाही. बाबासाहेबांनी बंधुतेला लोकशाहीचा पाया मानले. उतारवयातील घर निवडताना तीच कसोटी आम्ही आपल्यापुढे ठेवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!