विश्लेषण : कर्णधार बदलला, चाहते का भडकले? रोहित-हार्दिक प्रकरणातून काय दिसले?

बीडपासून वानखेडे स्टेडियम सुमारे ४०० किलोमीटरवर. जिल्ह्याचा स्वतःचा व्यावसायिक संघ नाही. तरीही ऊसतोडीचा हंगाम उरकून टोळ्या गावी परतू लागतात त्याच सुमारास आयपीएल सुरू होते आणि पारावर, हॉटेलात, एसटीत मोबाइलवर ‘आपली मुंबई’ दिसू लागते. २०२४ मध्ये याच संघाच्या नव्या कर्णधाराची त्याच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. असे का झाले?

नेमके काय घडले?

हार्दिक पंड्याने गुजरात टायटन्सला २०२२ मध्ये विजेतेपद आणि २०२३ मध्ये उपविजेतेपद मिळवून दिले होते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मुंबई इंडियन्सने त्याला गुजरातकडून परत घेतले. १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी तो कर्णधार झाल्याचे जाहीर झाले. रोहितने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतीपदे जिंकून दिली होती. घोषणेनंतर काही तासांतच लाखो चाहत्यांनी समाजमाध्यमांवर संघाला ‘अनफॉलो’ केले.

निर्णय कोणाचा असतो?

भारतीय संघाचा कर्णधार बीसीसीआयची निवड समिती सुचवते. आयपीएलमध्ये हा अधिकार संघमालक आणि व्यवस्थापनाचा. मुंबई इंडियन्सची मालकी रिलायन्स समूहाकडे आहे. व्यवस्थापनाच्या बाजूनेही मुद्दे होते. २०२० नंतर विजेतेपद नव्हते, २०२२ मध्ये संघ तळाला होता. रोहित ३६ वर्षांचा, तर हार्दिक ३० वर्षांचा होता. भविष्याचा विचार करून हा बदल केल्याचे संघाने सांगितले.

मग राग कशाचा?

राग बदलापेक्षा बदलाच्या पद्धतीचा होता. रोहितने जबाबदारी स्वतःहून सोपवली, असे चित्र कुठेच दिसले नाही. फेब्रुवारीत प्रशिक्षक मार्क बाउचर यांनी हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय असल्याचे सांगितले. त्यावर रोहितची पत्नी रितिका सजदेह हिने यात बरेच काही चुकीचे असल्याची प्रतिक्रिया दिली आणि संशय आणखी वाढला. अहमदाबाद, हैदराबाद आणि नंतर घरच्या वानखेडेवरही हार्दिकची हुर्यो उडाली. १ एप्रिलला तर सीमारेषेजवळ उभ्या रोहितलाच प्रेक्षकांना थांबण्याची खूण करावी लागली.

चेन्नईत असे का झाले नाही?

त्याच हंगामाच्या तोंडावर, २१ मार्चला चेन्नई सुपर किंग्जनेही कर्णधार बदलला. महेंद्रसिंह धोनीने जबाबदारी पिंपरी-चिंचवडच्या ऋतुराज गायकवाडकडे सोपवल्याचे संघाने जाहीर केले. धोनीचेही पाच आयपीएल करंडक. चाहते हळहळले, पण ऋतुराजला कुणी डिवचले नाही. थोरल्याने स्वतःच्या हाताने किल्ल्या दिल्या की घरातले सगळे मान्य करतात. त्या काढून घेतल्याचे दिसले, की रोष नव्या कारभाऱ्यावर निघतो.

संघावर परिणाम काय?

मुंबईने पहिले तिन्ही सामने गमावले आणि १४ पैकी चारच सामने जिंकून दहावा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळवला. अपयशाला गोलंदाजी, फलंदाजी अशी इतर कारणेही होती. पण घरच्या मैदानाचा आधार मात्र नव्या कर्णधाराला मिळाला नाही.

राग ओसरला कसा?

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना होता. रोहित कर्णधार, हार्दिक उपकर्णधार. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हाती होता. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा तिथेच ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर झाला. २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने ‘क्वालिफायर-२’पर्यंत मजल मारली.

बीडच्या चाहत्याने यातून काय घ्यावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये बीडच्या सचिन धसने १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ९६ धावा करून जिल्ह्याला जल्लोषाची संधी दिली. उद्या इथला कुणी आयपीएलमध्ये गेला, तर त्याचीही जर्सी, शहर आणि पद मालकांच्या हिशेबाने बदलू शकते. निर्णयावर चाहत्याने जरूर बोट ठेवावे. मात्र मैदानात उभा असलेला खेळाडू तो निर्णय घेत नसतो.