काजव्याचा उजेड आणि गोठ्यातला गोचीड



मृगाचा पाऊस येऊन गेला की नवेगाव बांधच्या तलावाकाठी, झाडाझुडपांत काजवे चमकताना तुम्ही पाहिलेच असतील. त्याच दिवसांत गोठ्यात पाहा. गाई-बैलांच्या कानामागं, कासेजवळ गोचीड चिकटलेले दिसतात. काजव्याचा उजेड आणि गोचिडाचं औषध यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण संबंध आहे. तो समजला तर औषध नीट लागू पडेल आणि धोकाही टळेल.

किड्याच्या अंगातली दवंडी

आपला मज्जारज्जू पाठीतून जातो. किड्याचा मात्र पोटाच्या बाजूनं जातो. त्याला जागोजागी गाठी असतात. या गाठींत मधोमध, पाठीकडच्या अंगाला, काही मोठ्या पेशी बसलेल्या असतात. बाकीच्या मज्जापेशी बहुधा डाव्या-उजव्या अशा जोडीनं असतात, पण या एकट्या असतात. अशा पेशीचा तंतू थोडा पुढे जाऊन दुभंगतो. एक फाटा डावीकडे आणि एक उजवीकडे जातो, जसं एकच जू दोन्ही बैलांच्या मानेवर असतं.

या पेशी जे द्रव्य सोडतात त्याचं नाव ऑक्टोपामाइन. इटलीचे शास्त्रज्ञ एर्स्पामर यांना ते प्रथम समुद्रातल्या ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत सापडलं, म्हणून हे नाव पडलं.

साधी मज्जापेशी एका स्नायूला हुकूम देते, "आवळ". ऑक्टोपामाइनची पेशी कोतवालासारखी दवंडी पिटते, "सगळे तयार राहा!" टोळ उडाला की पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या रक्तात हे द्रव्य वाढतं आणि अंगात साठवलेली चरबी उडण्यासाठी मोकळी होते. मादीची अंडी बाहेर पडायलाही ते मदत करतं. मधमाशीला गोड रस कुठं मिळाला हे लक्षात राहतं, त्यातही त्याचा हात असतो. काजव्याच्या शेपटाकडच्या दिव्यालाही याच पेशींचे तंतू जातात. तिथं ऑक्टोपामाइन सुटलं की दिवा लागतो.

माणसाला घाबरल्यावर धडधडतं ते ॲड्रेनलिनमुळं. किड्यांत तेच काम ऑक्टोपामाइन करतं.

औषध म्हणजे खोटी दवंडी

गोचीड हा खरा कीटक नव्हे. मोजून पाहा, त्याला आठ पाय असतात. पण त्याच्या अंगातही हेच द्रव्य काम करतं. अमिट्राझ नावाचं औषध ऑक्टोपामाइनची नक्कल करतं. गोचिडाच्या अंगात खोटी दवंडी सुरू होते आणि थांबतच नाही. तो बेचैन होतो, तोंडाची पकड सोडतो आणि गळून पडतो. मादीचं अंडी घालणंही कमी होतं. एक मादी हजारो अंडी घालते, म्हणून हा फायदा मोठा आहे.

मग माणसाला धोका नाही का? आहे! आपल्या अंगात ऑक्टोपामाइनचं काम फारसं नाही, पण हे औषध आपल्या दुसऱ्या मज्जाद्वारांवर बसतं. ते पोटात गेलं तर गुंगी येते, नाडी मंदावते, श्वास अडखळतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. बाटलीसह रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

हे लक्षात ठेवा

१. साडेबारा टक्क्यांचं अमिट्राझ असेल तर गोचिडासाठी एक लिटर पाण्यात २ मिली हे प्रमाण आहे. बाटलीवरचा कागद वाचा. दुभतं, गाभण किंवा लहान जनावर असेल तर आधी पशुवैद्यकांना विचारा.

२. औषध लावण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा. अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

३. घोड्याला हे औषध लावू नका. त्याला पोटशूळ होतो.

४. गोचिडाची अंडी आणि पिल्लं गोठ्याच्या भेगांत असतात. भेगा लिंपा, शेण-कचरा काढा. नुसतं जनावराला औषध लावून भागत नाही.

५. कमी मात्रा वारंवार वापरली तर गोचीड त्याला दाद देईनासे होतात. जास्त घातलं तर जनावराला त्रास होतो. म्हणून मापानंच घ्या.

६. हातमोजे घाला. उरलेलं पाणी तलावात, बोडीत किंवा नाल्यात ओतू नका. हे औषध मासळीला मारक आहे, आणि तलावावर ढिवर बांधवांचं पोट आहे.

७. गोठ्यातलं औषध धानावर मारू नका. खोडकिडा आणि तुडतुड्यांचे उपाय वेगळे आहेत, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.