दारू सोडणाऱ्यांची सभा

दारू वाईट आहे हे पटवून देण्यासाठी आजचे व्याख्यान नाही. ती गोष्ट पिणाऱ्याइतकी नीट दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. प्रश्न निराळा आहे. ज्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि आठवड्यात मोडली, त्याने जावे कोठे? घरी रडारड, बाहेर उपदेश. ह्या दोहोंखेरीज एक तिसरी जागा आहे, तिच्याविषयी बोलायचे आहे.

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल अमेरिकेतील अ‍ॅक्रन ह्या गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसले. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि उतरलेल्या हॉटेलातच मद्यालय होते. पाय तिकडे वळण्यापूर्वी त्याने टेलिफोन गाठला आणि गावातील एका धर्मोपदेशकामार्फत चौकशी चालविली. चौकशी कसली, तर आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटेल काय! दुसऱ्या दिवशी गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशी. डॉक्टरमजकूर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. दारूने शरीराचे काय होते हे वैद्याला कोणी शिकवावयाचे? पण हा मनुष्य शिकवीत नव्हता, स्वतःचे सांगत होता. डॉक्टरांचा पाय पुढे एकदा घसरला. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ह्या संघटनेचा स्थापनादिन मानतात. हिंदुस्थानात ती १९५७ साली मुंबईत आली.

ह्या गोष्टीत एक मौज आहे. विल्सनने त्याआधी अनेकांना सुधारण्याचा खटाटोप केला होता, त्यातले कोणी सुधारले नाही. पण त्या खटाटोपात तो स्वतः मात्र कोरडा राहिला! दुसऱ्याशी बोलण्याची गरज ऐकणाऱ्याइतकीच बोलणाऱ्यालाही असते, हे त्याला तेथे उमगले. सगळी सभा ह्याच एका खुंटीवर टांगलेली आहे.

सभेत घडते काय? तास-दीड तास मंडळी बसतात. एकेक जण आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपाशात सापडलेलो आहोत असे म्हणतो आणि आपली हकीगत सांगतो. मध्ये कोणी तोंड घालीत नाही, सल्ला देत नाही. वर्गणी नाही, शेवटी डबा फिरतो, टाकावेसे वाटले तर टाकावे. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. पहिल्या दिवशी गप्प बसून परत आले तरी चालते. ईश्वराचा उल्लेख होतो, पण ज्याचा त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावयाचा असतो. तेवढ्यासाठी दारातून परतू नये.

आपल्या भागाला हे अगदीच परके नाही. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसून कितीकांनी व्यसन टाकले. बाबा जुमदेवजींच्या ‘परमात्मा एक’ मार्गात येणाऱ्या सेवकाला दारू सोडावीच लागते, आणि तेथेही चर्चा बैठका भरतात. फरक इतकाच की तेथे जन्माचा नेम घ्यावयाचा असतो, येथे फक्त आजचा दिवस. ज्याला जो मार्ग पेलेल तो त्याने धरावा.

मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नये. हातपाय कापतात, फिट येते, भ्रम होतो. क्वचित जिवावर बेतते. आधी रुग्णालय, मग सभा.

सभा शोधावी कशी? केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे, मनाच्या तक्रारींसाठी १४४१६. अ‍ॅनॉनिमसवाल्यांचे देशाचे कार्यालय मुंबईत आहे. सभा नागपुरात भरतात. ठिकाण व वार आधी विचारून घ्यावा, कारण ते बदलतात. खुल्या सभेला घरच्यांना नेता येते, बंद सभा फक्त पिणाऱ्यांची. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतो. पण काहींना ते अंतरच सोयीचे वाटेल. आपल्या गावात सभेच्या दारात सोयऱ्याने गाठून “काय भाऊ, तुम्ही इथं कसे?” असे विचारावे, ही धास्ती काही थोडीथोडकी नसते. वास्तविक विचारणाराही त्याच दारातून आत चाललेला असतो! ज्याला प्रवास झेपत नाही त्याला टेलिफोनवरून भरणाऱ्या सभांतही बसता येते.

बायकांनी काय करावे? नवऱ्याने सोडण्याची वाट पाहत बसू नये. घरच्या माणसांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ ही निराळी संघटना १९५१ साली निघाली, आणि बिल विल्सनची पत्नी लोइस तिच्या संस्थापिकांपैकी होती. नवरा पीत असला तरी बायकोला तेथे जाता येते. त्याची परवानगी लागत नाही.

आता कोणी म्हणेल, देवरीला किंवा अर्जुनी मोरगावला सभा कोठली? ह्या संघटनेच्या रीतीप्रमाणे दोघे-तिघे मद्यपी सोडण्याच्या इराद्याने एकत्र बसले तरी तो समूह होतो. अ‍ॅक्रनला तरी दुसरे काय होते? शाळेची एक खोली मिळवावी, चहाची सोय करावी, आठवड्याचा वार ठरवून तो मोडू नये, बाजाराचा दिवस टाळावा. वेळ दिवेलागणीची धरावी; गुत्त्याकडे निघण्याची वेळही तीच असते.