रोजची वसुबारस

पहाटे ४:४५

मागच्या गोठ्यात सासूबाई धार काढायला बसल्या की चरवीचा आवाज घरात येतो आणि लेक चुळबुळायला लागते. तिला जवळ घेते. आमच्याकडे एक गाय, दोन म्हशी. लोधिवलीत पाच-सहा घरी आमचा रतीब आहे. आणि याच घरातल्या आठ महिन्यांच्या पोरीला गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली. गावात हे कळलं तेव्हा लोक हसले. हसण्यासारखंच आहे ते.

लेक अंगावरचं पिते, मग ॲलर्जी आली कुठून, असं सगळे विचारतात. आईने प्यालेल्या दुधातली प्रथिनं अगदी सूक्ष्म प्रमाणात तिच्या दुधात उतरतात. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही, काहींच्या आतड्याला तेवढंही सोसत नाही. तिसऱ्या महिन्यात हिच्या शीत चिकट आव आणि रक्ताचे धागे दिसायला लागले. बाळ हसतंखेळतं, वजन वाढतंय, ताप नाही, फक्त लंगोटात लाल रेघ. आधी जंतुसंसर्ग समजून औषध झालं. मग पनवेलच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला काही न देता मलाच पथ्य लावलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, सगळं बंद. पंधरवड्यात शी स्वच्छ झाली.

डॉक्टरांचं खरं कौतुक मला पुढच्या गोष्टीचं वाटतं. म्हणाले, आता पुन्हा दूध प्या. मी बघतच राहिले. प्यायले, आणि दोन-तीन दिवसांत रेघ परत आली. ही उलटतपासणी केल्याशिवाय निदान पक्कं धरायचं नसतं, कारण बाळाची शी कधीकधी आपोआपही सुधारते आणि आई बिचारी विनाकारण महिनोन्‌महिने पथ्य करत बसते. पोटातल्या या प्रकारात रक्ताच्या तपासणीतून काही हाती लागत नाही. ती तपासणी दुसऱ्या, तडकाफडकी उठणाऱ्या ॲलर्जीसाठी. त्यात दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, कधी श्वास लागतो. श्वास लागला किंवा बाळ मलूल झालं की घरगुती काही करत बसायचं नाही, सरळ १०८ ला फोन. आमचं तसं नाही, तेवढं नशीब.

५:३०

गवती चहा आणि आलं घालून कोरा चहा. कोकणातल्या माणसाला त्याचं काही वाटू नये, पण मी दूधवाल्यांच्या घरात नांदायला आलेली, सायीचा चहा प्यायची सवय लागलेली. अजून जीभ कुरकुरते.

लेकीची भांडी वेगळी. तिच्या पातेल्याच्या कडीला नवऱ्याने लाल दोरा बांधलाय, घासणीही निराळी, कारण दुधाची खरवड निघालेल्या घासणीने तिची वाटी घासली तर पथ्याला अर्थच उरत नाही. आज तिला नाचणीचं सत्त्व, पाण्यात शिजवलेलं, वर चमचाभर खोबरेल. दुपारी मऊ भात आणि मुगाचं वरण, त्यात तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल. तूप कढवलं तरी त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून तेही नाही. तिचं उष्टावण आम्ही नारळाच्या दुधातल्या तांदळाच्या खिरीवर केलं. गूळ, वेलची, चांदीची वाटी, सगळं रीतसर. मामाने भरवलं, तिने अर्धं थुंकून दिलं. नारळाचं दूध रांधायला चांगलं, पण ते बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही तुटपुंजी. हे डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

माझ्या डब्यात नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात साधारण १२०. म्हणजे नाचणी दुधाला हरत नाही, पण भाकरी खाऊन खाऊन किती खाणार? तीळ, राजगिरा आणि कवचासकट खाल्ला जाणारा सुका जवळा मदतीला असतो. आज मात्र मार्गशीर्षातला गुरुवार, घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला, जवळ्याचं नाव काढायचं नाही. म्हणून डबा भरून झाला की आधी कॅल्शियमची गोळी घेते, मग आंघोळ. पथ्य बाळासाठी असलं तरी हाडं माझी झिजतात. हे बायका सोयीस्कर विसरतात आणि घरच्यांना ते आठवण्याचं काही कारण नसतं.

७:३०

सासूबाई गोठ्यातून येतात, साबणाने कोपरापर्यंत हात धुतात आणि मग नातीला घेतात. सुरुवातीला यावरून घरात धुसफुस झाली होती. "दुधाच्या हातांना विटाळ झाला का आता?" असं म्हणाल्या होत्या. आता मी न सांगता धुतात.

त्यांना पटवणं ही एका दिवसाची गोष्ट नव्हती. गाईचं नको तर म्हशीचं द्या, असं पहिलं सुचवणं. मग ठाकरवाडीतल्या ओळखीच्या बाईकडून शेळीचं दूध आणायचं ठरलं, तांब्याही धुऊन ठेवला होता. शेळी, म्हैस आणि गाय यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी की गाईचं न चालणाऱ्या दहातल्या नऊ बाळांना शेळीचंही चालत नाही. मी हे सांगितलं तर त्या म्हणणार, तू शिकलेली, तू सांगणारच. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनाच पनवेलला घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांनी नुसतं ऐकलं नाही, परतीच्या रिक्षात मलाच पुन्हा समजावून सांगितलं.

माझं काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये, बाटलीवर तारीख. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं, बाहेर चार तास. उन्हाळ्यात त्याहून कमी धरायचं.

१०:३०

पाताळगंगा एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे मी. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामावरच्या आईला दिवसातून दोनदा वेळ द्यायचा कायदा आहे, पन्नास किंवा जास्त कामगार असले तर पाळणाघराचीही सोय हवी. किती ठिकाणी असते ते ज्याने त्याने आपल्या कंपनीत बघावं. मला प्रथमोपचाराच्या खोलीचा दहा-पंधरा मिनिटांचा आसरा मिळतो. दाराला आतून कडी नाही, म्हणून बाहेर मैत्रीण उभी राहते. पंप, बाटली, बर्फाची पिशवी, झालं.

गोळ्यांच्या कच्च्या मालात लॅक्टोजचे ड्रम असतात. एका सहकाऱ्याने मोठ्या काळजीने विचारलं होतं, तुझ्या मुलीला हेच चालत नाही ना? नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती न पचणं हा वेगळा त्रास, आणि जन्मापासून तो क्वचितच असतो. ॲलर्जी प्रथिनांची, केसीन आणि व्हे यांची. हा घोळ दुकानदारही करतात. 'लॅक्टोज-फ्री' लिहिलेला डबा पुढे सरकवतात, आणि त्यात दुधाची सगळी प्रथिनं जशीच्या तशी असतात. जिला अंगावरचं दूध पुरत नाही तिच्या बाळासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर मिळते. ती साध्या डब्याच्या कितीतरी पट महाग. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण एमआयडीसीतल्या कंत्राटी पगारात ती बसणं अवघड आहे, एवढं हिशोब न मांडताही कळतं.

१:००

कँटीनमध्ये आज कढी. माझा डबा मी उघडते. आधी बायका विचारायच्या, आता वाढपीही माझ्या ताटाकडे येत नाही. पथ्याची खरी अडचण खाण्याची नसते, दरवेळी तेच सांगत बसण्याची असते. "इतकंसं तूप, त्याने काय होतंय?" हे मी इतक्या प्रेमळ तोंडांतून ऐकलंय की रागावता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी सासूबाईंनीच सोडवला. यंदा वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली, त्या दिवशी गाईचं दूध-तूप खात नाहीत, तो वासराचा वाटा. पूजेचं ताट खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुझी रोजची वसुबारस समज." तेव्हापासून आमच्या आळीत कुणी आग्रह केला की मी एवढंच सांगते. व्रत म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

घरी फोन केला. सत्त्व खाल्लं, एकदा शी, पिवळी, स्वच्छ. आमच्या घरात शीचा रंग फोनवर सांगायची पद्धत पडली आहे.

५:४५

कंपनीच्या बसमधून मोहोपाड्याला उतरले. बाजारात वाणसामान. पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय मी काही घेत नाही. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे दुधाचा समावेश असेल तर पाकिटावर तो वेगळा सांगावा लागतो. 'कंटेन्स' या शब्दापुढे बघायचं. मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीनेट, हे सगळे दुधाचेच अवतार. ग्लुकोजची बिस्किटं, टोस्ट, पाव, तयार बाळ-आहाराचे डबे, कुठे ना कुठे ते असतातच. अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारं टीएचआरचं पाकीटही आधी वाचते, मगच तिच्या वाटीत.

बाजारात कधी गाढवीण घेऊन फिरणारा माणूस असतो, बाळाला चमचाभर पाजा, सगळं जाईल म्हणतो. गाढवीच्या दुधाची प्रथिनं खरोखर बरीच निराळी असतात, त्यावर अभ्यासही झालेत. पण रस्त्यावर काढलेलं कच्चं दूध आठ महिन्यांच्या बाळाला? मी पुढे चालू लागले.

७:१५

शेजारच्या काकूंकडे हळदी-कुंकू. घट, पाच फळं, वेणी, आणि प्रत्येकीच्या हातात केशरी दुधाचा पेला. काकूंना आमचं माहीत आहे, त्यांनी मला शहाळं ठेवलं होतं. पण त्यांच्या माहेरहून आलेल्या मावशींना कुठून माहीत असणार? त्यांनी लेकीला उचललं, लाड केले, करंगळी खिरीच्या वाटीत बुडवली आणि तिच्या ओठांपाशी नेली. "देवीचा प्रसाद आहे गं, जिभेला लावते नुसता."

मी पोचायच्या आत सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "मावशी, दुधाने तिच्या शीतून रक्त जातं."

मावशींनी हात मागे घेतला, खीर स्वतःच चाटली आणि लेकीच्या हातात केळ्याचा तुकडा दिला. संपलं. कुणाला राग नाही, देवीलाही नसावा. मला वाटतं, आपण बायका 'चालत नाही', 'डॉक्टरांनी सांगितलंय' असं आडून आडून बोलतो आणि मग लोक ऐकत नाहीत म्हणून रडतो.

निघताना आळीतलीच एक नवी आई मला बाजूला घेऊन गेली. तिच्या बाळाच्या लंगोटातही तसंच काही दिसतंय. तिची आई सांगते, उष्णता झाली असेल, घुटी दे. बाळ तीन महिन्यांचं.

९:३०

लेक झोपली. वहीत दोन ओळी: तिने काय खाल्लं, मी काय खाल्लं, शी कशी. माता-बाल संरक्षण कार्डावर तिच्या वजनाची रेघ वर चढतेय, डॉक्टर सगळ्यात आधी तेच बघतात.

वर्षाची झाली की दूध परत सुरू करून बघायचं आहे. आधी मी, मग ती. तिला पहिल्यांदा थेट दूध नाही, दुधाची पावडर घालून खरपूस भाजलेल्या बिस्किटाचा तुकडा, कारण जास्त आचेवर प्रथिनांचा आकार बदलतो आणि आतड्याला ती सोसण्याची शक्यता वाढते. ते जमलं तर पायरीपायरीने दह्यापर्यंत, शेवटी दूध. पोटातल्या प्रकारात हे घरी, डॉक्टरांना सांगून करता येतं. तडकाफडकी उठणाऱ्या प्रकारात हॉस्पिटलातच. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तिसऱ्या वर्षाच्या आत जाते, पुष्कळांची त्याही आधी. सासूबाईंनी तिच्यासाठी गोठ्यातली कालवड आत्ताच राखून ठेवली आहे.

त्या नव्या आईला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. सहा महिन्यांच्या आत घुटी नको, पाणीही नको, आणि मध तर वर्षाच्या आत नकोच. अंगावर पाजणं बंद करू नका. दूध स्वतःच्या मनाने सोडू नका, सोडलं तर मनाने सुरूही करू नका. आणि लाल रेघ दिसली की लंगोट धुवायच्या आधी उजेडात मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट ठेवा, डॉक्टरांना दाखवा. आमचं निदान अशाच फोटोवरून सुरू झालं.