खानापूरचा ताप कोणत्या रकान्यात?

चोर्ला घाटात राज्याची सीमा लागते, पण रान तेच राहते. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीचा परिसर, भीमगड अभयारण्य आणि घाटाखालची सत्तरी हा सह्याद्रीचा सलग पट्टा आहे. याच रानातून म्हादई गोव्यात उतरते आणि याच रानाच्या आधाराने माकडतापासारखा रोगही सीमा ओलांडतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात या रोगाचा विषाणू प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले. त्याच वर्षी गोव्यातील काजूच्या बागांत मजुरीसाठी आलेल्या बेळगाव जिल्ह्यातील कामगारांनाही त्याची लागण झाल्याचे तपासणीतून स्पष्ट झाले.

अशा मजुराची नोंद कोणत्या राज्यात व्हावी? गोचीड चावली गोव्यात, ताप चढला घरी परतल्यावर आणि तपासणी झाली कर्नाटकात. नोंदवहीत रुग्णाचा पत्ता लिहिला जातो, लागण झालेले रान लिहिले जातेच असे नाही. त्यामुळे केवळ आकड्यांवरून नकाशा रंगविणारा अभ्यासक खानापूरचे गाव लाल करील आणि जेथे गोचिडींचा शोध घ्यायला हवा ती काजूची बाग कोरीच ठेवील. सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी आज संगणकाद्वारे काही क्षणांत मिळविता येते. मात्र ती मिळविणे आणि तिचा अर्थ लावणे यांत मोठे अंतर आहे.

प्रणाली-संग्रह म्हणजे काय?

संगणकाच्या भाषेत ‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. वारंवार कराव्या लागणाऱ्या कामांसाठी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांचा तो संच असतो. ‘पायथन’ या भाषेतील ‘रिक्वेस्ट्स’ हा संच दूरच्या संगणकाकडे माहितीची मागणी नोंदवितो आणि आलेले उत्तर हाती देतो. ‘पांडाज’ हा दुसरा संच त्या उत्तराची ओळी-रकान्यांत मांडणी करतो, दोन तक्ते जोडतो आणि बेरीज-सरासरी काढतो. दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत.

मागणी ज्या खिडकीवर नोंदवायची तिला ‘एपीआय’ म्हणतात. भारत सरकारने २०१२ साली सुरू केलेल्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर नावनोंदणी केल्यास वापरकर्त्याला एक कळ मिळते. हवा असलेला तक्ता, त्याचा क्रमांक, ही कळ आणि किती ओळी हव्यात तो आकडा एवढे कळविले की माहिती येते. येथे पहिला सापळा आहे. नमुन्यादाखल दिलेली सार्वजनिक कळ वापरल्यास एका वेळी दहाच ओळी मिळतात. उत्तर व्यवस्थित आले, चूक कोठेच दिसली नाही, म्हणून त्या दहा ओळींनाच संपूर्ण जिल्हा समजण्याची चूक सहज होऊ शकते. एकूण ओळी किती, हा आकडा उत्तरातच दिलेला असतो. हाती आलेल्या ओळी त्याच्याशी ताडून पाहणे ही पहिली शिस्त होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीभांडाराला अशी कळ लागत नाही, परंतु तेथील बहुतेक आकडे देशपातळीवरचे असतात. त्यात भारत दिसेल, खानापूर दिसणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांपर्यंत पोहोचली, पण तीही जिल्ह्याशीच थांबते. अथणीचा उसाचा सपाट प्रदेश आणि खानापूरच्या रानातील वाड्या एकाच सरासरीत मिसळतात. त्या सरासरीवरून कणकुंबीतील गर्भवतीच्या रक्तक्षयाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

नावांचा गोंधळ

दुसरा सापळा नावांचा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे नाव ‘बेळगाव’ या जुन्या इंग्रजी रूपात आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने ‘बेळगावी’ हे नाव रूढ केले. माणसाला दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची असल्याचे समजते. संगणकाला ती दोन वेगळ्या जिल्ह्यांची वाटतात आणि तक्ते जोडताना ओळी गळून पडतात. याच्या उलट प्रकार खानापूरचा. सांगली जिल्ह्यातही खानापूर नावाचा तालुका आहे. केवळ नावाने शोध घेतल्यास दोन राज्यांतील दोन तालुके एक होऊन जातील.

यावरील उपाय संकेतांकांचा. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाचा क्रमांक २९ आणि बेळगाव जिल्ह्याचा ५५५ आहे, तर महाराष्ट्राचा २७ आणि सांगलीचा ५३१. उत्तर गोव्याचा क्रमांक ५८५ आहे. नाव बदलले, लिपी बदलली तरी हा क्रमांक त्या जनगणनेपुरता तोच राहतो. मात्र एक काळजी घ्यावी लागते. संकेतांकाच्या आरंभी शून्य असेल, तर ‘पांडाज’ त्याला साधी संख्या समजून ते शून्य टाकून देते आणि जोडणी फसते. म्हणून संकेतांक हा अंक नसून मजकूर आहे, असे संगणकाला आरंभीच बजावावे लागते.

शून्य आणि रिकामी जागा

सर्वांत घातक सापळा रिकाम्या रकान्यांचा. एखाद्या आरोग्य केंद्राकडून आठवडाभर अहवालच आला नाही, तर तो रकाना कोरा राहतो. ‘पांडाज’ बेरीज करताना कोरे रकाने वगळते आणि सगळेच रकाने कोरे असल्यास बेरीज शून्य दाखविते. म्हणजे ‘माहिती नाही’ याचे रूपांतर ‘रोग नाही’ यात होते. किमान इतक्या नोंदी असल्याशिवाय बेरीज करू नये, अशी सूचना या संचाला देता येते. ती न देणाऱ्याला दुर्गम भाग नेहमीच निरोगी दिसेल, कारण नोंदी तेथूनच अधिक वेळा अडतात.

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे साप्ताहिक अहवाल राज्य, जिल्हा, रोग, रुग्ण आणि मृत्यू अशा रकान्यांत उद्रेकांची नोंद देतात. ते पीडीएफ स्वरूपात असल्याने त्यांतील तक्ते उचलण्यासाठी ‘कॅमेलॉट’सारखा वेगळा संच लागतो. या अहवालांतील शेवटचा, शेरे लिहिण्याचा रकाना अनेकदा दुर्लक्षिला जातो, कारण त्याची बेरीज करता येत नाही. रुग्ण कोठून आला, कोणते काम करीत होता, नमुना कोठे पाठविला, हे लिहिले असेल तर तेथेच. काजूच्या बागेचा माग लागला तर तो याच रकान्यात लागेल.

माकडतापाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असा असतो आणि काजूची तोडणीही याच काळात येऊन मिळते. खानापूर, सत्तरी आणि दोडामार्ग या तीन तालुक्यांचे आकडे तीन राज्यांच्या तीन तक्त्यांत विखुरलेले आहेत. संकेतांकांच्या आधारे त्यांना एकत्र आणण्यास पंचवीस-तीस ओळींची प्रणाली पुरेल. परंतु रुग्णाच्या पत्त्याशेजारी ‘मागील पंधरा दिवसांत काम कोठे केले’ हा एक रकाना नसेल, तर कोणतीही प्रणाली तो निर्माण करू शकणार नाही. तो आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यानेच, तापाने फणफणलेल्या मजुराला विचारून, भरावा लागेल.