जर्मन भूतकाळ: इंग्रजीमार्गे नको, मराठीतून या

(ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा आहे, किंवा ऐकून झाल्यावर शब्द डोळ्यांखालून घालायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.)

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल तर ओठातल्या ओठात, घरी असाल तर मोठ्याने, पण आज माझ्याबरोबर म्हणायचं. आजचा विषय आहे जर्मनमधला भूतकाळ.

ए-वनचा क्लास संपत आला की हा विषय येतो आणि बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. तोवर सगळं छान चाललेलं असतं. माझं नाव अमुक, मी पुण्यात राहतो, मला चहा आवडतो. मग कोणीतरी विचारतं, "काल काय केलंस?" आणि तोंडाला कुलूप. कारण आपण मनातल्या मनात मराठीचं इंग्रजी करतो आणि मग इंग्रजीचं जर्मन. हा द्राविडी प्राणायाम आहे. या एका बाबतीत तरी मराठीतून जर्मनमध्ये थेट जाणारी वाट सोपी आहे. कशी, ते बघू.

आधी एक सूचना. मी जर्मन शब्द देवनागरीत सांगतोय, म्हणजे ऐकायला जसे वाटतात तसे. 'मी' या अर्थाचा 'इश' हा खरं तर 'इश' आणि 'इख' यांच्या मधला आवाज आहे. स्पेलिंग शब्दकोशात बघून वहीत लिहून ठेवा.

इंजिन आणि गार्डाचा डबा

बोलताना जर्मन लोक जो भूतकाळ सर्वात जास्त वापरतात, त्याचं नाव पेर्फेक्ट. त्याला दोन तुकडे लागतात. एक मदतनीस क्रियापद: हाबन, म्हणजे जवळ असणं, किंवा झाइन, म्हणजे असणं. दुसरा तुकडा म्हणजे मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप. मदतनीस वाक्यात दुसऱ्या जागी येतो आणि हे रूप थेट शेवटी. आगगाडीसारखं समजा. पुढे इंजिन, मागे गार्डाचा डबा, मध्ये हवे तितके डबे जोडा.

आता हे वाक्य ऐका: इश हाबं गेस्टर्न मिट माइनम ब्रूडर इन पुणे मिसळ गेगेसन.

यातलं 'हाबं' क्षणभर झाका आणि एकेक शब्द मराठीत करा. इश: मी. गेस्टर्न: काल. मिट माइनम ब्रूडर: माझ्या भावाबरोबर. इन पुणे: पुण्यात. मिसळ. गेगेसन: खाल्ली. 'मी काल माझ्या भावाबरोबर पुण्यात मिसळ खाल्ली.' क्रम तोच! इंग्रजीत 'खाल्ली' आधी येते आणि काल, भाऊ, पुणे हे सगळे मागे जातात. मराठी माणसाला क्रिया शेवटी ठेवायची जन्मापासून सवय आहे. तुम्हाला फक्त दुसऱ्या जागी मदतनीस बसवायचा आहे.

इंग्रजीचा आणखी एक अडथळा. शाळेत शिकवलेलं असतं की 'हॅव ईटन'बरोबर 'यस्टरडे' चालत नाही. जर्मनमध्ये 'हाबं गेगेसन'बरोबर 'गेस्टर्न' बिनधास्त चालतं. 'मी खाल्लं' आणि 'मी खाल्लं आहे', दोन्हींसाठी हेच एक रूप. ती इंग्रजीची भीती इथे सोडून द्या.

शेवटचा डबा कसा बनतो

साधी क्रियापदं आधी. पुढे 'गे', शेवटी 'ट'. माखन म्हणजे करणं, त्याचं गेमाख्ट. श्पीलन म्हणजे खेळणं, गेश्पील्ट. कोखन म्हणजे स्वयंपाक करणं, गेकोख्ट. हा शेवटचा 'ट' परका नाही बरं का. संस्कृतमधले कृत, गत, श्रुत आठवा. त्यातला 'त' आणि हा 'ट' एकाच जुन्या प्रत्ययाचे वंशज आहेत. दूरचे चुलतभाऊ म्हणा.

दुसरा गट हट्टी क्रियापदांचा. इथे शेवटी 'ट'ऐवजी 'न' येतो आणि अनेकदा मधला स्वरही बदलतो. ट्रिंकन, पिणं: गेट्रुंकन. फिंडन, सापडणं: गेफुंडन. श्राइबन, लिहिणं: गेश्रीबन. नेमन, घेणं: गेनोमन. ही पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही. पण तक्रार करण्याआधी आपल्याकडे बघा. जाणे, पण गेला. येणे, पण आला. करणे, पण केलं. मरणे, पण मेला. जी क्रियापदं रोज तोंडात असतात तीच वाकडी, कारण सतत वापरात राहिल्यामुळे त्यांची जुनी रूपं टिकून राहतात. नवीन आलेला शब्द मात्र मुकाट्याने साध्या गटात बसतो. गूगल करणं? गेगूगेल्ट.

आता 'गे' कधी लागत नाही? हा नियम कानाने ओळखता येतो. 'गे' लागायला क्रियापदाच्या पहिल्याच अक्षरावर जोर हवा. फेरश्टेएन, समजणं, यात जोर 'श्टे'वर आहे, म्हणून नुसतं फेरश्टांडन. बेझूखन, भेटायला जाणं: बेझूख्ट. श्टुडीरन, विद्यापीठात शिकणं, यात जोर 'डी'वर, म्हणून श्टुडीर्ट. 'गे' नाही.

आणि काही क्रियापदांना पुढे सुटा होणारा तुकडा असतो. आइनकाउफन, खरेदी करणं. तिथे 'गे' मध्ये घुसतो: आइनगेकाउफ्ट. आनरूफन, फोन करणं: आनगेरूफन.

एक दिलासा देऊन पुढे जाऊ. मराठीत आंबा खाल्ला, मिसळ खाल्ली, केळं खाल्लं. मुलगा गेला, मुलगी गेली. जर्मनमध्ये ही कटकट नाही. कोणीही खा, काहीही खा, गेगेसन. कोणीही जा, गेगांगन. मराठी शिकणाऱ्या जर्मन माणसाची दया करा!

हाबन की झाइन? 'ने' लावून बघा

आता खरा प्रश्न. मदतनीस कोणता घ्यायचा?

मराठीत भूतकाळाचे दोन घाट आहेत. 'त्याने पुस्तक वाचलं' आणि 'तो गेला'. पहिल्यात 'ने' आहे, दुसऱ्यात नाही. आपण हे विचार न करता करतो. 'त्याने गेला' असं लहान मूलही म्हणत नाही. जर्मनमधली हाबन आणि झाइन ही विभागणी हुबेहूब अशीच नाही, पण बरीचशी अशीच आहे.

त्याने वाचलं, लिहिलं, पाहिलं, घेतलं, दिलं, केलं: सगळीकडे हाबन. तो गेला, आला, पडला, उठला, वाढला, मेला: सगळीकडे झाइन. 'मी' आणि 'तू'ला 'ने' दिसत नाही, म्हणून तपासताना वाक्य नेहमी 'तो' किंवा 'ती'वर करून बघा.

यामागे कारणही आहे. 'एर इस्ट गेगांगन' याचा शब्दशः अर्थ 'तो गेलेला आहे'. आणि 'एर हाट डेन ब्रीफ गेश्रीबन' याचा फार जुना अर्थ 'त्याच्याजवळ पत्र लिहिलेलं आहे'. जो स्वतः हलला किंवा बदलला, तो 'आहे'. ज्याने दुसऱ्या कशाचं तरी काही केलं, त्याच्याजवळ ते झालेलं आहे.

यातली गंमत एकाच क्रियापदात दिसते. फारन म्हणजे वाहनाने जाणं आणि वाहन चालवणंही. 'तो कोलोनला गेला': एर इस्ट नाख क्योल्न गेफारन. 'त्याने गाडी चालवली': एर हाट डास आउटो गेफारन. मराठीत 'ने' आला, जर्मनमध्ये हाबन आला.

पण ही युक्ती फसते कुठे, तेही ऐका. काही मराठी क्रियापदांना 'ने' नसतो, तरी जर्मनमध्ये हाबनच लागतं. तो हसला, तो बोलला, तो शिकला, तो विसरला. म्हणून 'ने' नसेल तेव्हा लगेच झाइन घेऊ नका, आणखी एक प्रश्न विचारा: जागा बदलली का, किंवा अवस्था बदलली का? हसण्यात माणूस कुठे गेला नाही. म्हणून एर हाट गेलाख्ट.

उलटंही होतं, विशेषतः नाम अधिक 'केला' किंवा 'मारली' अशा जोड्यांत. 'त्याने प्रवास केला', 'त्याने उडी मारली'. 'ने' आहे, पण माणूस इथून तिथे गेला. म्हणून झाइन: इस्ट गेराइस्ट, इस्ट गेश्प्रुंगन. आणि तीन शब्द नुसते पाठ करा, ते कुठेच न जाता झाइन घेतात: गेब्लीबन (राहिला), गेवेझन (होता), पासीर्ट (घडलं).

चुकलं तर काय बिघडतं?

खूपदा काहीच नाही. बाजारात 'हाबं गेगांगन' म्हणालात तरी समोरच्याला कळेल. पण प्रत्येक जागा बाजार नसते.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तुमच्यापैकी काही जण नर्सिंगसाठी किंवा एखादा व्यवसाय शिकायला तिकडे जायच्या तयारीत असतील. वॉर्डमध्ये एक पाळी संपते, दुसरी सुरू होते, तेव्हा जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला रात्रीचा हिशोब देते. तो हिशोब म्हणजे जवळजवळ सगळा भूतकाळ असतो.

झी हाट गूट गेश्लाफन: ती छान झोपली. उम ड्राय ऊर इस्ट झी आउफगेश्टांडन: तीन वाजता ती उठली. झी हाट डी टाब्लेटं गेनोमन: तिने गोळी घेतली. झी हाट वेनिश गेगेसन: तिने थोडंच खाल्लं.

झोपेचं बघा. 'ती रात्रभर झोपली', अवस्था तीच राहिली, म्हणून हाट गेश्लाफन. 'तिला झोप लागली', जागेपणातून झोपेत गेली, अवस्था बदलली, म्हणून इस्ट आइनगेश्लाफन.

आणि आता आजच्या भागातला सर्वात महत्त्वाचा शब्द: गेफालन. 'झी इस्ट गेफालन' म्हणजे ती पडली. पण 'आवडणं' या अर्थाच्या क्रियापदाचं रूपही गेफालनच आहे आणि ते हाबन घेतं. 'झी हाट गेफालन' म्हणजे ती कोणाला तरी आवडली. सत्तरीच्या आजी रात्री बाथरूममध्ये पडल्या आहेत आणि तुम्ही सांगताय की आजी आवडल्या! समोरची व्यक्ती अंदाजाने समजून घेईलही, पण पडण्याच्या बाबतीत अंदाजावर कोण अवलंबून राहील? हॉस्पिटलात 'श्ट्युर्ट्सन' हा शब्द जास्त ऐकू येतो. तोही पडणंच, म्हणून तोही झाइनच.

दुसरा भूतकाळ किती शिकायचा?

जर्मनमध्ये एक शब्दाचा भूतकाळही आहे, प्रेटेरिटुम. गोष्टी, कादंबऱ्या, बातम्या यांत तो भरपूर दिसतो. वाचताना ओळखता आला पाहिजे. बोलायला मात्र सुरुवातीला थोडेच शब्द पुरतात: वार (होतो, होते), हाटं (माझ्याकडे होतं), कोन्टं (करू शकलो), मुस्टं (करावं लागलं), वोल्टं (करायचं होतं). 'काल मी आजारी होतो' हे 'इश वार गेस्टर्न क्रांक' असंच म्हणा.

श्टुटगार्ट, म्युनिक, ऑस्ट्रिया अशा दक्षिणेकडच्या भागात रोजच्या बोलण्यात पेर्फेक्टचंच राज्य आहे. स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलींमध्ये तर प्रेटेरिटुम उरलेलाच नाही. शिवाय बसणं, उभं राहणं, आडवं असणं या क्रियापदांना उत्तरेत हाबन लावतात आणि दक्षिणेत झाइन. तिकडे 'इस्ट गेझेसन' ऐकलंत तर गोंधळू नका, ती तिथली रीत आहे. परीक्षेत तुमच्या पुस्तकातलं रूप लिहा.

आजचा गृहपाठ

नवीन क्रियापद एकटं पाठ करू नका. मदतनीस आणि रूप सोबत घ्या: गेएन, इस्ट गेगांगन. श्राइबन, हाट गेश्रीबन. एका दमात, पाढ्यासारखं.

आणि आज रात्री झोपण्याआधी फोनचा रेकॉर्डर चालू करा. दिवसभरात काय केलं याची पाच वाक्यं बोला. आधी मराठीत, 'तो' किंवा 'ती' वापरून, म्हणजे 'ने' दिसेल. मग तीच जर्मनमध्ये, 'इश' वापरून. आठवडाभराने पहिलं रेकॉर्डिंग ऐका. 'काल काय केलंस' या प्रश्नाला तोंडाचं कुलूप किती उघडलं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, चुस!