पाच वॅटचा सेट आणि सात समुद्रापलीकडची हाक

आमच्या व्यापारी बंधूंची एक रीत आहे. नवी गोष्ट कानावर आली की पहिला सवाल, यात फायदा किती? म्हणून हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचा विषय या पानावर काढताना आम्ही आधीच सांगून टाकतो की यात पैशाचा फायदा नाही. कायद्यानेच तो घेता येत नाही. सुताचा भाव, मालाची ऑर्डर, गाडी निघाल्याची खबर, यातले काहीही या लहरींवरून पाठवायला मनाई आहे. तरीही हा विषय आम्ही घेतला तो कारागीर बंधूंसाठी. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे किती तरी हात आज मोबाइलची कव्हरे विकत बसले आहेत. सोल्डरिंगचे हुनर त्या हातांत अजून आहे, पण त्यांच्या मुलांना ते शिकायला काही कारण उरलेले नाही. हॅम रेडिओत गेल्या काही वर्षांत जे नवे तंत्र आले, त्याला नेमके असेच हात लागतात.

पूर्वी दूरदेशी बोलायचे तर मोठ्या ताकदीचा सेट, गच्चीवर लोखंडी मनोरा आणि त्यावर फिरते एरियल, असा थाट लागे. तो खर्च साध्या माणसाच्या आवाक्यातला नव्हता. आता पाच वॅट, म्हणजे एका छोट्या एलईडी बल्बाइतकी शक्ती, आणि दहा मीटर तांब्याची तार एवढ्यावर भिवंडीहून जपान गाठता येतो. अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या पुढे. रोज गाठता येतो असे नाही, हव्या त्या वेळी तर नाहीच, पण गाठता येतो.

या तंत्राचे नाव एफटी८. २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. एफ म्हणजे स्टीव्ह फ्रँक आणि टी म्हणजे जो टेलर, हे दोघे त्याचे कर्ते. यातले टेलर साहेब साधी असामी नव्हे. १९७४ साली त्यांनी आणि रसेल हल्स यांनी आकाशातल्या एका जोडताऱ्यातला पल्सर शोधला आणि १९९३ साली दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ताऱ्याकडून येणारी अगदी क्षीण लहर गोंगाटातून वेचून काढण्यात ज्याची उमेद गेली, त्या माणसाने तीच विद्या हौशी लोकांसाठी वापरली आणि संगणकाचा प्रोग्राम सर्वांना फुकट दिला. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे त्या प्रोग्रामचे नाव. आत काय लिहिले आहे तेही उघड आहे, कोणीही वाचावे.

हे चालते कसे, ते यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे राहिलेल्या माणसाला समजावणे सोपे आहे. पन्नास मागांच्या खटखटीत कोणी गप्पा मारू शकत नाही. कामगार काय करतो? मोजक्या ठरलेल्या खुणा वापरतो. धागा तुटला, बीम संपला, जॉबरला बोलाव. ऐकणाऱ्याला आधीच माहीत असते की या दहा-बारा गोष्टींपैकीच एक असणार, म्हणून अर्धवट खूण दिसली तरी तो ओळखतो. एफटी८ मध्येही गप्पा नाहीत. कॉल साइन, आपली जागा, तुमचा आवाज कसा येतो तो आकडा, पोचले, सलाम. एवढेच.

आणि या मालाला पॅकिंग केवढे! संदेश असतो ७७ बिटांचा. त्याच्याबरोबर तपासणीचे आणि दुरुस्तीचे मिळून ९७ बिट जातात. मालापेक्षा पॅकिंग जास्त, कोणताही व्यापारी याला हसेल. पण वाटेत माल निम्मा भिजला तरी पलीकडचा संगणक पॅकिंगवरून मूळ माल पुन्हा उभा करतो. हे सगळे आठ वेगवेगळ्या सुरांत, एका मागोमाग एक ७९ सूर, पावणेतेरा सेकंदांच्या आत पाठवले जाते. सुरांचा पट्टा जेमतेम ५० हर्ट्झ रुंद. त्यामुळे कानाला नुसती सरसर ऐकू येत असताना, लहरीची ताकद गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतकी असली तरी, पडद्यावर अक्षरे उमटतात. उणे २० डेसिबल म्हणतात ते हेच.

आता जोडणीकडे येऊ. सर्वांत आधी घड्याळ. एफटी८ चा दर मिनिट चार भागांत वाटलेला आहे, पंधरा-पंधरा सेकंदांचा. एका भागात मी बोलणार, पुढच्यात तू. संगणकाचे घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर नसेल तर समोर कितीही चांगला सेट असो, पडदा कोराच राहतो. इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा छोटा प्रोग्राम टाकावा. इंटरनेट नसेल तेथे जीपीएसचा तुकडा लावतात. नवख्या माणसाच्या तक्रारींत हीच सर्वांत जास्त असते, सेट बिघडला म्हणून.

मग सेट आणि संगणक यांची गाठ. नव्या सेटमध्ये यूएसबीची एक केबल पुरते. जुना सेट असेल तर मध्ये एक डबी लागते: आवाज आत-बाहेर नेण्यासाठी एकास एक प्रमाणाचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर आणि सेटला बोलते करण्यासाठी एक ऑप्टोकपलर. ज्याने आयुष्यभर टेपरेकॉर्डर उघडले त्याच्यासाठी हे एका संध्याकाळचे काम आहे. सेट एसएसबीच्या वरच्या बाजूवर ठेवायचा, कोणताही पट्टा असो. काटा २० मीटरच्या पट्ट्यात १४.०७४ मेगाहर्ट्झवर, ४० मीटरच्या पट्ट्यात ७.०७४ वर. सारी दुनिया त्याच जागी जमते आणि तीन किलोहर्ट्झच्या गल्लीत पन्नास दुकाने शेजारी शेजारी बसावीत तशी बसते.

येथेच शेजारधर्माचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते या साऱ्या विद्येत तोच महत्त्वाचा. संगणकाचा आवाज मोठा केला की सेट जास्त दूर फेकेल असे नवख्याला वाटते. होते उलटेच. आवाज वाजवीपेक्षा वाढला की सूर फाटतो, आपल्या ५० हर्ट्झच्या जागेबाहेर सांडतो आणि शेजारच्या दहा दुकानांवर चिखल उडतो. एएलसी नावाचा काटा असतो, तो हलता कामा नये. हलला की आवाज खाली आणावा. माइकचा आवाज दाबून मोठा करणारे प्रोसेसर बंद करावे. संगणकाच्या टिंग-टिंग सूचनाही बंद कराव्यात, नाहीतर त्या थेट टोकियोत ऐकू जातात. आणखी एक. बोलताना माणूस श्वास घेतो, एफटी८ घेत नाही. पाठवायच्या पावणेतेरा सेकंदांत सेट पूर्ण ताकदीने सलग तापत असतो. शंभर वॅटच्या सेटला तीसवर चालवणारा शहाणा. शंभरवर चालवणाऱ्याचा सेट मग दुरुस्तीला कोणाकडे तरी येतोच.

एरियल ही खरी कारागिरी. १४ मेगाहर्ट्झसाठी साध्या डायपोलची लांबी १० मीटर १३ सेंटिमीटरच्या आसपास, मध्ये कापून दोन सारखे हात. चार कुर्त्यांच्या कापडाइतकी तार झाली. शिंप्याने शिवणीत माया सोडावी तशी दोन्ही टोकांना थोडी तार जास्त ठेवून, एसडब्ल्यूआर मीटर बघत कापत यावे. कापलेली तार पुन्हा जोडणे बरे नव्हे. विजेच्या तारांपासून हे दूर असावे, आणि पावसाळ्यात ढग गडगडले की केबल सेटमधून काढून ठेवावी.

सगळे जुळले की संपर्क कसा होतो? आपण सीक्यू पाठवतो, म्हणजे सर्वांना हाक. सोबत आपला चौकोन. सारी पृथ्वी चौकोनांत वाटली आहे. भिवंडी एमके६९ मध्ये येते, मालेगाव एमएल७० मध्ये, पुणे एमके६८ मध्ये. पलीकडून कोणी आपल्या चौकोनासह उत्तर देतो. आपण त्याला आकडा कळवतो, समजा उणे १५. तो आपला आकडा देतो. मग दोन्हीकडून पोच आणि ७३, म्हणजे रामराम म्हणा, सलाम म्हणा. दीड मिनिटात सौदा पूर्ण. पोच दोघांना मिळाल्याशिवाय संपर्क वहीत धरायचा नाही, हा नियम आम्हाला फार आवडला.

२० मीटरचा पट्टा दिवसा आणि संध्याकाळी चांगला, ४० मीटरचा रात्री. फजर आणि मगरिबच्या सुमारास, जेथे दिवस-रात्रीची सीमा पृथ्वीवरून सरकत असते तेथे, लांबच्या लहरींना वाट मिळते. सूर्यावरील डागांचे अकरा वर्षांचे चक्रही यात आहेच.

सेट आणायचा कोठून, हा सवाल येणारच. परदेशी सेट महाग आहेत. पण हैदराबादच्या अशहर फरहान यांचे नाव कारागीर बंधूंनी लक्षात ठेवावे. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बिटएक्स नावाच्या सेटचा नकाशा जाहीर केला. आयात केलेल्या गाभ्यावर कॉइल गुंडाळणे परवडत नाही म्हणून त्यांनी नळाचे वायसर वापरले! तो नकाशा दुनियाभर गेला. २०१७ च्या अखेरीस त्यांचा अनेक पट्ट्यांचा यूबिटएक्स आला. त्यांच्या किटच्या कॉइल हाताने गुंडाळण्याचे काम बायकांच्या एका गटाकडे दिलेले होते. पुढच्या एसबिटएक्समध्ये तर संगणक आतच बसवला आहे आणि एफटी८ ही आतच. जरीच्या कामाला बसलेली बोटे कॉइलही गुंडाळू शकतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आता कायदा, कारण नुकसान येथेच होते. परवान्याशिवाय प्रक्षेपक सेट बाळगणे आणि चालवणे गुन्हा आहे. बाजारात वॉकीटॉकी सहज मिळते म्हणून ती कायदेशीर आहे असे कोणी समजू नये. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या होत्या. कारखान्याच्या एका दारातून दुसऱ्या दाराशी बोलायचे असेल तर त्यासाठी वेगळी व्यवस्था आणि वेगळी परवानगी आहे. हॅमचा परवाना त्याला चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका जॉबरचा मुलगा एकदा म्हणाला, "चाचा, सेट आधी घेऊ, कागद मागून करू." आम्ही त्याला साफ मना केले. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते. एक भाग रेडिओ विद्येचा, दुसरा नियमांचा. बारा वर्षांवरील कोणीही बसू शकतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्सची टिकटिक लागत नाही. तोपर्यंत एखाद्या परवानाधारकाच्या घरी बसून पडदा वाचायला शिकावे. शिकण्याचा अर्धा भाग तेथेच होतो.

जुने हॅम या तंत्रावर नाराज आहेत. संगणक संगणकाशी बोलतो, माणूस कोठे आहे, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला हजर असलेल्या हॅम मंडळींनी खबर पोचवली ती बोलून. त्यांच्यासाठी २०१८ साली जॉर्डन शेरर यांनी याच विद्येवर जेएस८कॉल बनवला. त्यात हवा तो मजकूर टाइप करता येतो, वेग कमी असतो. आम्हाला वाटते, मुलाने एफटी८ वर हात बसवावा आणि मग बोलायलाही शिकावे.

मागांच्या गावातल्या बंधूंना एक अडचण जास्त येईल. स्टार्टर, एलईडीचे स्वस्त बल्ब, मोबाइलचे चार्जर हे सगळे गोंगाट ओतत असतात. पडद्यावर तो पिवळ्या पट्ट्यांसारखा दिसतो. एकेक बल्ब आणि चार्जर काढून बघावा, कोणता पट्टा जातो ते. केबलवर फेराइटचे मणी चढवावेत. आणि मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा तोच काटा, तेच एरियल ठेवून पुन्हा ऐकावे, म्हणजे गोंगाट घरातला किती आणि गावातला किती ते समजेल.